‘सदरा शिवला’ की ‘मला शिवला’? एकाच ‘शिवणे’ला दोन अर्थ कसे आले?

चिखलदरा : विदर्भातल्या या थंड हवेच्या ठिकाणी गेलात तर भीमकुंडाची गोष्ट तुमच्या कानावर पडतेच. द्रौपदीच्या अंगाला हात लावणाऱ्या कीचकाला भीमाने मारलं, दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले. कीचकाचा दरा तो कीचकदरा, त्याचंच पुढे चिखलदरा झालं, असं इथले लोक सांगतात.

हीच गोष्ट वऱ्हाडी आजीने सांगितली तर ती म्हणेल, ‘कीचक द्रौपदीले शिवला.’ आणि हातात सुईदोरा घेऊन काय करतेस, असं विचारलं तर उत्तर येईल, ‘गोधडी शिवून राह्यली.’ क्रियापद एकच, पण एकात स्पर्श आहे आणि दुसऱ्यात टाका. असं का?

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. कपडा शिवणे आलं संस्कृतच्या ‘सीव्’ धातूपासून. इंग्रजीतला ‘स्यू’ हाही त्याच घराण्यातला, दूरचा भाऊबंद. स्पर्श या अर्थाचं शिवणे मात्र प्राकृतातल्या ‘छिव’पासून आलं. बाराव्या शतकातले व्याकरणकार हेमचंद्र यांनी संस्कृत ‘स्पृश्’साठी प्राकृतात चालणाऱ्या रूपांमध्ये ‘छिव’ची नोंद केली आहे. मराठीत येताना दोघांचाही पहिला आवाज ‘श’ झाला. ‘सीमा’ची ‘शीव’ झाली आणि प्राकृत ‘छेत्त’चं ‘शेत’ झालं, अगदी तसंच. दोन वाटा एकाच फाट्यावर येऊन मिळाल्या.

ओळखायचं कसं?

चाचणी सोपी आहे, वाक्य भूतकाळात टाकून बघा. ‘मी सदरा शिवला’, ‘मी चोळी शिवली’ यात क्रियापद कपड्याप्रमाणे बदलतं. ‘मी त्याला शिवलो’, ‘ती मला शिवली’ यात ते शिवणाऱ्याप्रमाणे बदलतं, आणि ज्याला स्पर्श झाला त्याला ‘ला’ लागतो. वऱ्हाडीत ‘ले’. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण चिखलदरा तालुक्यात अनेक मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्या मुलांसाठी मराठी ही शाळेत भेटणारी भाषा आहे. ‘शिवू नको’ म्हणजे सुई खाली ठेव की हात लावू नको, हे शब्दकोशातल्या एका ओळीवरून कळत नाही. वाक्यच द्यावं लागतं.

शिवणकामाला पर्यायी शब्द हवे असतील तर शिंप्याचं दुकान गाठा. तात्पुरतं जोडायचं तर टाचणे, हाताने सरळ भरभर शिवायचं तर धावदोरा घालणे, मशिनवर टीप मारणे, कडा दुमडून तुरपाई करणे, फाटलेलं बेमालूम भरायचं तर रफू करणे, तेही जमत नसेल तर ठिगळ लावणे. डॉक्टर जखमेला ‘टाके घालतात’. या सगळ्याच्या उलट उसवणे.

स्पर्शाच्या बाजूला मात्र शब्द जड होत जातो. मुलांची शिवाशिवी हा पळापळीचा खेळ. त्याच शब्दाची ‘शिवाशिव’ झाली की अस्पृश्यता. पिंडाला कावळा शिवला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पाळी आलेल्या बाईला ‘कावळा शिवला’ म्हणायचं आणि तिला दूर बसवायचं. म्हणजे कावळ्याच्या शिवण्याने मेलेला माणूस सुटतो आणि जिवंत बाई अडकते!

शिवाशिवीविरुद्धचा लढा अमरावतीने जवळून पाहिला आहे. अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं यासाठी इथे सत्याग्रहाची चळवळ झाली. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. डॉ. पंजाबराव देशमुखही या चळवळीत पुढे होते. पुढे राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली.

आणि या क्रियापदाचे दोन्ही अर्थ ज्यांच्या आयुष्यात एकत्र आले, ते गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. चिखलदऱ्याच्या डोंगराखाली अंजनगाव सुर्जी तालुका लागतो. तिथल्या शेंडगावात १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र असायचं, म्हणून काही भागांत लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत. हातात खराटा, आणि कीर्तनात शिवाशिवीवर सरळ सवाल. ज्यांना शिवाशिवीमुळे इतर धर्मशाळांत जागा मिळत नव्हती, त्या वारकऱ्यांसाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.