पागोळ्यांच्या दोन दिशा

जव्हारचं आमचं घर कौलारू. आढ्याच्या दोन्ही अंगांना उतार, आणि पावसाळ्यात दोन्ही अंगांनी पागोळ्या. आषाढात पडवीत बसलो की वडील आम्हा भावंडांना सांगायचे, "उत्तरेच्या पागोळीचं पाणी दमणला जातं आणि दक्षिणेचं मुंबईकडे." पुढे मी भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीला लागलो, खोऱ्यांचे नकाशे हातात आले, तेव्हा कळलं की वडिलांनी घराच्या नावाने सगळ्या मुलखाचा भूगोल सांगून ठेवला होता.

जव्हार-मोखाडा हे घाट आणि किनारा यांच्या मधलं उंच पठार आहे. पूर्वेला त्र्यंबकचे डोंगर, पश्चिमेला खाली डहाणू-पालघरची पट्टी. या पठारावर पडलेला पाऊस एका दिशेला जात नाही. उत्तरेकडची लेंडी दाभोशाला सुमारे तीनशे फूट खाली झेप घेते, तिकडेच वाघ नदी वाहते, आणि दोघींचं पाणी दमणगंगेतून मधुबन धरणाकडे, सिल्वासा आणि दमणकडे जातं. पश्चिमेला सूर्या निघते. तिच्यावर धामणीचं धरण आहे आणि ते पाणी तारापूर, वसई-विरारपर्यंत पोचतं. दक्षिणेला पिंजाळ उतरते आणि वैतरणेला मिळते. ती वैतरणा मोखाड्याच्या दक्षिण अंगाने खोल दरी कापत येते. तिचा उगम त्र्यंबकच्या डोंगरांत. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या बाजूचं पाणी गोदावरी होऊन सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतं. वैतरणेचा प्रवास जेमतेम दीडशे किलोमीटरांचा. अर्नाळ्याजवळ ती अरबी समुद्रात शिरते.

माझं आजोळ या वैतरणेच्या दरीच्या वरच्या कडेला, खोडाळ्याच्या बाजूचा एक पाडा. तिथल्या अंगणातून खाली पाहिलं की आज एक लांबट, निळं, हाताच्या बोटांसारखं ओहळा-ओहळांत शिरलेलं तळं दिसतं. मुंबईच्या पाण्याच्या हिशेबात त्याला मध्य वैतरणा म्हणतात. माझ्या लहानपणी ते नव्हतं. तेव्हा तिथे नुसती दरी होती, तळाशी नदी, आणि वैशाखात नदीची वाळू. आजी पहाटे खाली उतरायची, वाळूत हाताने झिरा उकरायची, आणि करवंटीने पाणी भरून हंडा डोक्यावर घेऊन वर यायची. एक खेप सव्वा तासाची. मी तिच्याबरोबर कळशी घेऊन जायचो. वर येईपर्यंत कळशी अर्धी सांडलेली असायची, पण आजी कधी रागावली नाही. फक्त म्हणायची, "उद्या कमी भर आणि पुरं आण."

शाळेत असताना मला नेहमी प्रश्न पडायचा: एवढा पाऊस पडतो तर आपल्याकडे तळी का नाहीत? स्वित्झर्लंडची चित्रं पुस्तकात असायची, डोंगराच्या कुशीत हिरवंनिळं पाणी. त्याचं उत्तर मला नोकरीत मिळालं. आल्प्समध्ये हजारो वर्षं हिमनद्या सरकल्या, त्यांनी दऱ्या खरवडून खोल खळगे केले आणि त्यांत तळी साठली. शिवाय तिथला बर्फ वसंतात आणि उन्हाळ्यात वितळतो, म्हणजे गरजेच्या दिवसांतच पाणी वरून येत राहतं. आपल्या सह्याद्रीला हिमनदी कधी लागली नाही. इथला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून झालेला. मग पावसाने तो वरून खाली कापला. कापलेल्या दरीत पाणी थांबायला वाटी नसते, फक्त उतार असतो. म्हणून या भागातलं जे जे तळं डोळ्यांना दिसतं, त्याच्या एका टोकाला माणसाने बांधलेली भिंत असतेच. जव्हार शहराला पाणी देणारं जयसागर घ्या, नाहीतर वैतरणेवरची तिन्ही मोठी धरणं घ्या.

आता खडकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. विहीर खणणाऱ्यांना हे थर तोंडपाठ असतात. वर हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, ठिसूळ खडक. त्याखाली काळा पाषाण, ज्याच्यावर पहार आपटली की ठिणगी उडते. मध्येच कुठे गेरूचा लाल पट्टा. मुरूम आणि मांजऱ्या पाणी धरतात, काळा पाषाण धरत नाही. त्याला भेगा असतील तेवढंच पाणी. जव्हारला वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शंभर इंच म्हणा, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वरचा मुरुमाचा थर जुलैतच तुडुंब होतो. त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब उतारावरून धावतो. जो थोडा आत शिरलेला असतो, तो काळ्या पाषाणाच्या पाठीवरून आडवा सरकत जातो आणि जिथे डोंगराचा कडा कापलेला असेल तिथे झरा होऊन बाहेर पडतो. पठार म्हणजे चहूबाजूंनी गळणारी टोपली.

माझं काम होतं ही गळती मोजण्याचं. नेमून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घ्यायची: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. साधन साधंच. पोलादी टेप, तिच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेवरून टेप सोडायची आणि वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. आजोळच्या पाड्याखालची विहीर माझ्या यादीत नव्हती, पण गेलो की मी तीही मोजायचो. ऑक्टोबरात कठड्यापासून दीड मीटरवर पाणी. जानेवारीत चार. मार्चमध्ये सहाच्या खाली. मेमध्ये तळाचे दगड दिसायचे आणि बायका पोहऱ्याऐवजी वाटीने पाणी गोळा करायच्या. त्यातली निम्मी उतरण माणसांच्या उपशाची नाही. कोणी एक हंडाही काढला नाही तरी ते पाणी खालच्या ओहळाकडे निघून जातंच. हे मी मामीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिला आतापर्यंत वाटत होतं की आपण जास्त वापरतो.

या मुलखाचा जुना इतिहासही पाण्याच्या टंचाईशी जुळवून घेतच घडला आहे. जव्हारचं राज्य महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचं. मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी केवढा तरी मुलूख वेढून घेतला, अशी दंतकथा आहे. त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली नेमशहा म्हणून राजेपदाची मान्यता दिली. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले. शहराजवळचं शिरपामाळ ही त्या भेटीची जागा म्हणून दाखवतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. सहाशे वर्षं टिकलेल्या या राज्यात मोठे कालवे नाहीत. भूपतगडावर खडकात कोरलेली टाकी आहेत, वस्त्या झऱ्यांच्या आसऱ्याने आहेत, आणि शेती पावसावर. खाचरात भात, वरकस उतारावर नागली आणि वरई. ही पिकं निवडणाऱ्यांना इथला खडक माझ्या नकाशांच्या कितीतरी आधी समजला होता. आजी पाण्याची जागा उंबरावरून ओळखायची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही झाडांवरून भूजल ओळखण्याचं एक प्रकरणच आहे. आजीला ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं.

वैतरणेवर पहिली भिंत उभी राहिली ती मुंबईसाठी. मुंबईने १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा असं करत दूरदूरचं पाणी आणलं होतं. वैतरणेवरचं धरण १९५७ चं, मुंबईचे अभियंते मोडक यांच्या नावाने आज त्याला मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये वर, इगतपुरीच्या बाजूला, ऊर्ध्व वैतरणा झालं. आणि या दोघांच्या मधल्या दरीत, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ, मध्य वैतरणा. ते २०१४ मध्ये सेवेत आलं. ही भिंत १०२ मीटर उंच आहे. नेहमीच्या काँक्रीटसारखी ओतलेली नाही, तर कोरडसर काँक्रीटचे थर अंथरून, रस्ता करतात तसे रोलरने दाबत वर चढवलेली. म्हणून ती भराभर उभी राहिली. त्या काळात आजोळी गेलो की रात्रभर दरीतून यंत्रांचा आवाज यायचा आणि कडेला उजेड दिसायचा.

भरलेल्या मध्य वैतरणात सुमारे १९,३५३ कोटी लिटर वापरायचं पाणी मावतं, आणि त्याच्या जोरावर मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर मिळतात. यातली देखणी गोष्ट म्हणजे उताराचा वापर. ऊर्ध्व वैतरणेची भरलेली पातळी मध्य वैतरणेपेक्षा तीनशेहून अधिक मीटर वर, आणि मध्य वैतरणेची मोडकसागरापेक्षा सव्वाशेच्या आसपास. वरून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून आपल्या पायांनी खालच्या तळ्यात जातं, आणि तिथून बोगद्या-जलवाहिन्यांतून मुंबईकडे. नदीलाच कालवा केलं आहे. अभियांत्रिकी म्हणून मला याचं मनापासून कौतुक वाटतं. माझी मुलगी मुंबईत राहते, माझे नातू ते पाणी पितात, आणि त्या शहराला पाणी देऊ नये असं मी कधी म्हणणार नाही.

पण उतार ज्याला मदत करतो, चढ त्यालाच अडवतो. तळं दरीच्या तळाशी, पाडे कडेवर. मधली उंची कुठे शंभर मीटर, कुठे दोनशे. आजीचा वाळूतला झिरा आता त्या निळ्या पाण्याखाली खोल गेला. उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांना टँकर येतो. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि मग पुन्हा विहिरीवर रांग. बोहाड्याच्या उत्सवाला पाहुणे यायचे असले की मामी आधी पाणी मोजते आणि मग तांदूळ.

मी एकदा तिच्या ओट्यावर बसून हिशेब केला. हजार लिटर पाणी दीडशे मीटर वर चढवायला किती वीज लागते? निव्वळ गणिताने एका युनिटच्या निम्म्याहूनही कमी. पंपाचं नुकसान, पाइपातलं घर्षण धरलं तरी एक युनिट पुरावं. दहा हजार लिटरच्या टँकरएवढं पाणी म्हणजे फार तर दहा युनिट. एवढ्या विजेसाठी चार बायकांचे गुडघे झिजतात, हे मला त्या दिवशी कागदावर दिसलं आणि पेन खाली ठेवावंसं वाटलं. खरा खर्च विजेचा नाही. पाइप, पंप आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस यांचा आहे. अलीकडे काही पाड्यांवर सौर पंप बसले आहेत. जिथे गावातल्याच पोरापोरींना त्याची दुरुस्ती शिकवली आहे तिथे ते चालू आहेत. झऱ्यांचंही तसंच. झऱ्याच्या तोंडाशी झाकलेली टाकी, वरच्या उतारावर समपातळीचे चर आणि राखलेलं रान, एवढं केलं तर मार्चला आटणारा झरा मेपर्यंत पुरलेला मी मोजला आहे. धरणाच्या मानाने हे काम क्षुल्लक दिसतं. पण कडेवरच्या माणसाला धरणाचा थेंब मिळत नाही, झऱ्याचा मिळतो.

आता पुढचे आराखडे आले आहेत. जव्हार तालुक्यात पिंजाळवर धरण, त्यातून मुंबईला दिवसाला ८६ कोटी ५० लाख लिटर. आणि दमणगंगा-पिंजाळ जोड: दमणगंगेवर भुगड, वाघ नदीवर खारगीहिल अशी दोन तळी बांधायची आणि बोगद्यांनी त्यांचं पाणी पिंजाळमध्ये आणायचं. म्हणजे वडिलांची उत्तरेची पागोळीही दक्षिणेला वळेल. मी हे नकाशे पाहिले तेव्हा पहिल्यांदा बोगद्यांची उंची शोधली. ते डोंगराच्या पोटातून जातात आणि पाडे डोंगराच्या माथ्यावर आहेत. पाणी वळवायचंच असेल तर आराखड्याच्या पहिल्या पानावर माथ्यावरच्या पाड्यांच्या टाक्या हव्यात, मंजुरीनंतरच्या पुरवणीत नकोत. माझं आयुष्य विहिरी मोजण्यात गेलं, त्या हक्काने हे मागतो.

गेल्या मेमध्ये आजोळी गेलो होतो. निवृत्त झालो तरी टेप पिशवीत असते. संध्याकाळी मामी कळशी घेऊन विहिरीकडे निघाली, तिच्या मागून मीही. खाली तळ्यावर ऊन तिरपं पडलं होतं, पाणी बरंच खाली गेल्याने काठाला तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडले होते. मी टेपेच्या टोकाला खडू फासला, जुन्या खुणेवरून सोडली. मामी कठड्याला टेकून उभी. "किती आहे रे?" टेप वर ओढली. खडू दोन बोटं ओला झाला होता. मी तिला दोन बोटं दाखवली. तिने कळशी खाली ठेवली आणि कंबरेला पदर खोचून वाटी काढली.