औषध तेच, वाहन निराळे

सन 2021 च्या मे महिन्यात रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काळ्या बुरशीचे रुग्ण येऊ लागले आणि एका इंजेक्शनासाठी नातेवाईकांची वणवण सुरू झाली. तात्यापाऱ्यातील आमच्या शेजारच्या वहिनीही त्या रोगाने आजारी होत्या. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "काका, साधे ॲम्फोटेरिसिन मिळते आहे, डॉक्टर मात्र लायपोसोमलच आणा म्हणतात. औषध तेच ना?" मी पडलो सरकारी नोकर, मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून जे कळले, ते थोडक्यात सांगतो.

औषध तेच, हे खरे. बुरशीच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. ॲम्फोटेरिसिन त्याला जखडते, पटल फुटते आणि बुरशी मरते. परंतु आपल्या पेशींच्या पटलात त्याचाच भाऊबंद, कोलेस्टेरॉल, असतो. तेथेही हे औषध काहीसे चिकटते व मूत्रपिंडांना इजा होते. वहिनींना जुना मधुमेह. त्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली.

येथे लायपोसोम उपयोगी पडतो. फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपट्या पाणी टाळतात. म्हणून पाण्यात हे रेणू शेपट्या आत ठेवून दुपदरी पडदा रचतात आणि तो मिटून सूक्ष्म, पोकळ गोलक होतो. इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी 1964 साली अशा रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यात विरघळणारे औषध गोलकाच्या पोकळीत राहते. ॲम्फोटेरिसिन पडद्यातच घट्ट बसते. त्यामुळे वाटेत मूत्रपिंडांवर त्याचा मारा कमी होतो. गोलक बुरशीला चिकटला की औषध तेथे सुटते. मात्राही मोठी देता येते. धोका कमी होतो, नाहीसा होत नाही; रक्ततपासणी चालू ठेवावीच लागते.

असे औषध आपल्याकडेही सिद्ध झाले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने त्यावर काम केले. काळा आजार या ज्वरावरही लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची एकच मात्रा पुरते, असे बिहारमधील 2010 च्या अभ्यासात दिसून आले.

वहिनींना अखेर ते इंजेक्शन मिळाले. एक डोळा गेला, मूत्रपिंडे वाचली. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला नंतर दिले. तोवर त्याने ते आईच्या तपासणीच्या कागदांवर वाचलेच होते.