प्रवेशाआधी कामाची ओळख : एमबीए आणि भरती मेळावे

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एमबीए किंवा एमएमएसला, प्रवेश घेण्याआधीच कंपन्यांच्या भरती कार्यक्रमांना हजेरी लावण्याची पद्धत व्यवस्थापन शिक्षणात आता रुळली आहे. अशा कार्यक्रमाला नोकरी मिळवण्यासाठीच जायचे असे नाही. ती मिळाली तर तो वेगळा लाभ. कंपन्या कोणती कामे देतात, त्यासाठी उमेदवारात काय शोधतात, पगार कसा ठरतो, बढती कशी मिळते, हे दोन वर्षांचा वेळ आणि मोठे शुल्क गुंतवण्याआधी समजून घेणे हा त्यामागचा खरा हेतू. बीडसारख्या जिल्ह्यात कंपन्यांची कार्यालये मोजकीच आहेत. घरात कंपनीत नोकरी केलेले कोणी असेलच असे नाही. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला ही ओळख शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक गरजेची ठरते.

आधीच का जायचे?

प्रवेश घेताना दोन वर्षे म्हणजे पुष्कळ वेळ वाटतो. वेळापत्रक मात्र फार दाटीचे असते. राज्यातल्या महाविद्यालयांत अभ्यासक्रमाची चार सत्रे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मध्ये उन्हाळ्यात विद्यार्थ्याला साधारण आठ आठवडे एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्याला समर इंटर्नशिप म्हणतात. या काळातले काम आवडले तर कंपनी शेवटच्या वर्षाची भरती सुरू होण्याआधीच नोकरी देऊ करते. म्हणून चांगली इंटर्नशिप हे नोकरीचे पहिले दार मानले जाते.

या दारापाशी विद्यार्थी फार लवकर पोहोचतो. अहमदाबाद, कोलकाता, बंगळुरू अशा जुन्या आयआयएम संस्थांमध्ये वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि उन्हाळी प्रशिक्षणासाठीची निवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकते. वर्गात बसून जेमतेम चार-पाच महिने झालेले असतात. मार्केटिंग, फायनान्स, एचआर की ऑपरेशन्स, याचा निर्णय तेवढ्यात घ्यावा लागतो. राज्यातल्या महाविद्यालयांत ही घाई थोडी कमी असली तरी विशेष विषय निवडण्याची वेळ पहिल्या वर्षातच जवळ येते. ज्याने बँकेचा विक्री विभाग आणि कारखान्याचा खरेदी विभाग यांतला फरक कधी पाहिलेला नाही, तो अशा वेळी मित्रांचे पाहून निवड करतो. प्रवेशाआधी थोडी पाहणी झालेली असेल तर हीच निवड डोळसपणे होते.

पद्धतीचे मूळ

ही पद्धत आकाराला आली ती अमेरिकेत. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांना कंपन्यांच्या व्यवस्थापनात जागा मिळावी, या हेतूने सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक स्टर्लिंग शोएन यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये वॉशिंग्टन, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या तीन विद्यापीठांची 'कन्सॉर्टियम' ही संस्था उभी राहिली. निवड झालेल्या विद्यार्थ्यांना ती शिष्यवृत्ती देते. शिवाय वर्ग सुरू होण्याआधी, जूनच्या सुमारास, त्यांचा एक मेळावा भरवते. तिथे कंपन्यांचे लोक विद्यार्थ्यांना भेटतात आणि काही वेळा मुलाखतीही तिथेच होतात. ज्यांच्या घरात कंपनीतली ओळख नाही, त्यांना ती संस्थेने करून द्यायची, हा या मेळाव्याचा विचार होता. पुढे महिलांसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'फोर्टे' या संस्थेनेही तीच दिशा धरली. मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांसारख्या सल्लागार कंपन्या आणि मोठ्या बँकाही प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे कार्यक्रम घेऊ लागल्या.

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मराठी विद्यार्थ्याने इथे व्हिसाचा एक नियम ध्यानात ठेवावा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. जूनमधले बहुतेक कार्यक्रम त्यामुळे हुकतात, आणि भर द्यावा लागतो तो ऑनलाइन सत्रांवर.

बीडमधली भरती, जुनी आणि नवी

अकरा तालुक्यांच्या बीड जिल्ह्याला भरती नवी नाही. ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, पण त्याची भरती त्याआधीच झालेली असते. मुकादम गावात येऊन उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब धरला जातो. उचल घेतली की पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, जिथे नेतील त्या कारखान्याच्या फडात जावे लागते. राहायची सोय काय, दिवसाचे काम किती, हिशेब कसा होणार, हे विचारायला मजुराला फारशी जागा नसते. आधी पैसा हातात पडतो आणि मग काम कळते.

कंपन्यांच्या भरती मेळाव्याचा सगळा उपयोग याच्या उलट क्रमात आहे. तिथे आधी विचारायचे आणि मग ठरवायचे. ज्या घराने उचलीचा व्यवहार पाहिला आहे, त्या घरातल्या मुलामुलींना या क्रमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

सरकारी व्यवस्थेत या मेळाव्यांचे मूळ रोजगार विनिमय केंद्रांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये ती सुरू झाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन आले. 'एम्प्लॉयमेंटला नाव नोंदवणे' हा मराठी घरांतला शब्दप्रयोग त्या काळातला. त्याच कार्यालयाचे आजचे रूप म्हणजे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नावनोंदणी आता 'महास्वयम्' संकेतस्थळावर होते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरवले जातात. २०२४ मध्ये सरकारने विभागवार 'नमो महारोजगार मेळावे' घेतले. त्यातला मराठवाड्याचा मेळावा फेब्रुवारीत लातूरला आणि पुणे विभागाचा मार्चमध्ये बारामतीला झाला.

मेळाव्याचा दिवस

अशा मेळाव्यात बहुतेकदा कंपन्यांची टेबले ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येकापुढे पदाचे नाव, पात्रता व जागांची संख्या लिहिलेली असते. उमेदवार नोंदणी करतो, बायोडाटा देतो, पहिली छोटी मुलाखत होते आणि पुढच्या फेरीचा निरोप तिथेच किंवा नंतर फोनवर मिळतो. जागा अधिक असतात त्या कारखान्यांतील प्रशिक्षणार्थी, मशीन ऑपरेटर, विमा व कर्जविक्री, सूक्ष्मवित्त संस्थांचे फील्ड ऑफिसर अशा पदांच्या. एमबीए झालेल्यांसाठीची पदे थोडी असतात.

पण तेवढ्यावरून एमबीएला निघालेल्या पदवीधराने असे मेळावे टाळणे चुकीचे ठरेल. एमबीएनंतर ज्या विक्री पथकाचे नेतृत्व करायचे, त्या पथकातला माणूस याच टेबलावर निवडला जातो. त्याच्याकडून दिवसाला किती भेटींची अपेक्षा असते, महिन्याचे लक्ष्य कसे ठरते, माणसे काम का सोडतात, हे त्या टेबलामागे बसलेल्या एचआर प्रतिनिधीला ठाऊक असते. गर्दी ओसरल्यावर, दुपारनंतर, नम्रपणे विचारले तर तो सहसा बोलतो. असे अर्ध्या तासाचे बोलणे हाताशी असले की पुस्तकातले मनुष्यबळ व्यवस्थापन वाचताना प्रत्येक कल्पनेमागे एक खरा माणूस दिसतो.

तयारी साधी आहे. येणाऱ्या कंपन्यांची यादी आधी पाहावी आणि त्यातल्या चार-पाच निवडून त्या काय बनवतात किंवा विकतात ते वाचून जावे. एका पानाच्या बायोडाटाच्या दहा प्रती, गुणपत्रकांच्या छायाप्रती आणि एक वही सोबत असावी. स्वतःची ओळख मराठीत आणि इंग्रजीत प्रत्येकी एक मिनिटात सांगण्याचा सराव घरीच करावा. शेती, दुकान, बचत गट किंवा दूध संकलन केंद्र यातला हिशेब सांभाळला असेल तर तो अनुभव बायोडाटात लिहावा. अनेक विद्यार्थी तो संकोचाने लपवतात. पण पैसा, माल आणि माणसे यांचा मेळ घालणे हेच व्यवस्थापन आहे.

विचारायचे प्रश्न आणि पगाराचा हिशेब

या पदावरचा माणूस दिवसभर काय करतो, पहिली नेमणूक कुठे होते, दोन-तीन वर्षांनी तो कोणत्या पदावर जातो, आणि एमबीए केल्याने या वाटेत नेमका काय फरक पडतो, हे चार प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे आहे. काही क्षेत्रांत एमबीएशिवाय पुढचे पद मिळत नाही. काही ठिकाणी मात्र अनुभवच पुरतो आणि पदवीने फारसा फरक पडत नाही.

पगाराबाबत सीटीसी हा शब्द नीट समजून घ्यावा. कंपनी एका माणसावर वर्षाला करत असलेला एकूण खर्च म्हणजे सीटीसी. हातात पडणारी रक्कम त्याहून कमी असते. समजा सीटीसी ३ लाख आहे. महिन्याला २५,००० रुपये असे वाटते. मूळ वेतन १५,००० असेल तर १२ टक्के दराने १,८०० रुपये भविष्यनिर्वाह निधी कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो, आणि कंपनीच्या वाट्याचे १,८०० रुपयेही अनेकदा सीटीसीतच धरलेले असतात. उरतात २१,४००. पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो. महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही. त्याखेरीज ग्रॅच्युइटी, विमा आणि लक्ष्य पूर्ण झाल्यावरच मिळणारा प्रोत्साहन भत्ता सीटीसीत मिसळलेला असेल तर हातातली रक्कम आणखी उतरते. नोकरी पुण्यासारख्या शहरात असेल तर तिथले खोलीभाडे आणि खानावळ यांचा हिशेब या शेवटच्या आकड्यावर मांडायचा असतो. महाविद्यालयांच्या जाहिरातींतले पॅकेजचे आकडेही याच पद्धतीने वाचावेत.

नोकरी चालून आली तर

मेळाव्यात निवड झाली आणि प्रवेशही मिळत असेल, तर दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एमबीए सीईटी घेतो. २०० प्रश्न, १५० मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पदवीला खुल्या वर्गासाठी ५० टक्के, तर महाराष्ट्रातील राखीव वर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. सीईटीचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते चालतात, म्हणजे नोकरी धरली तर पुढे परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

दुसरीकडे, एक-दोन वर्षांचा अनुभव वाया जात नाही. आयआयएमसह अनेक संस्था निवडीत कामाच्या अनुभवाला महत्त्व देतात, आणि अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला वर्गातही अधिक समजते. ज्याला पूर्ण नोकरी धरायची नाही, त्याच्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने सहा महिन्यांच्या कामाचा मार्ग खुला केला. तिच्यात पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले आणि पुढे मुदतही वाढवली गेली.

मुलींच्या बाबतीत घरचा निर्णय अनेकदा शुल्कावर अडतो. २०२४-२५ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन भरते. ही माहिती हाती असेल तर केवळ शुल्कापायी मुलीचे शिक्षण थांबवून मिळेल ती नोकरी धरायला लावण्याचे कारण उरत नाही.

फसवणुकीपासून सावध

जिथे नोकरीची गरज मोठी, तिथे फसवणारेही फिरतात. काही नियम कधीही मोडू नयेत. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा अनामत या नावाने पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. मूळ गुणपत्रके आणि दाखले कुणाच्याही ताब्यात ठेवू नयेत; छायाप्रती द्याव्यात. बँकेचा ओटीपी सांगू नये. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या करारावर सही करू नये. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आणि सोडल्यास भरायची रक्कम त्यात लिहिलेली असू शकते. मेळावा खरा आहे की नाही, हे जिल्हा केंद्रात विचारून घ्यावे.

आष्टी, पाटोदा किंवा वडवणीहून मेळाव्याला येणे म्हणजे एसटीचा प्रवास आणि दिवसाची मजुरी बुडणे. तो खर्च घरच्यांना जाणवतो. एमबीएच्या चुकलेल्या निवडीची किंमत मात्र दोन वर्षे आणि डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज इतकी मोठी असते. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी निदान दोन मेळाव्यांना जावे. महाविद्यालयांनी त्यांना गटाने तिथे न्यावे, आणि पालकांनी एक दिवस मोकळा करून द्यावा. त्या दिवशी वहीत उतरलेली उत्तरे पुढची दोन वर्षे उपयोगी पडतील.