इन्सुलिन घ्या, पण टेकडी सोडू नका

३१ जानेवारी १९९९. चेन्नईच्या कसोटीत पाठदुखीनं बेजार झालेला सचिन १३६ धावांवर बाद झाला आणि घराघरांतले टीव्ही बंद झाले. सकलैन मुश्ताकच्या चेंडूवरचा तो झेल वसीम अक्रमनं घेतला होता. भारत १२ धावांनी हरला. त्या संध्याकाळी अक्रमच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, की पाकिस्तानचा हा कप्तान इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर होता? १९९७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याला मधुमेह असल्याचं कळलं. त्यानंतर तो आणखी सहा वर्षं खेळला आणि २००३च्या विश्वचषकात एकदिवसीय क्रिकेटमधला ५०० बळींचा टप्पा गाठणारा पहिला गोलंदाज ठरला.

हुबळीच्या विद्यानगरातल्या एखाद्या मराठी घरात मात्र चित्र वेगळं दिसतं. पहाटे उणकल तळ्याभोवती फेऱ्या मारणारा किंवा नृपतुंग बेट्ट ही टेकडी चढणारा तिशी-चाळिशीतला माणूस अचानक वाळू लागतो. तहान शमत नाही, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. आधी सगळे म्हणतात, 'धावतोस ना, म्हणून बारीक झालास.' मग रक्त तपासलं जातं, इन्सुलिन सुरू होतं आणि घरातली वडीलधारी मंडळी फर्मान काढतात: 'आता पुरे झाली धावपळ. गप घरी बस.' सल्ल्यामागे माया असते, पण सल्ला चुकीचा असतो.

मुळात निदानातच घोळ होतो. टाइप १ मधुमेह लहान मुलांचा, हा समज डॉक्टरांच्या खोलीतही अजून पुरता गेलेला नाही. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, टाइप २ समजून गोळ्या दिल्या गेल्या. त्या लागू पडेनात, तेव्हा फेरतपासणीत टाइप १ निघाला. आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं दाखवून देत आले आहेत, की भारतीयांचा मधुमेह पाश्चात्त्य पुस्तकांतल्या साच्यात नीट बसत नाही. तरुण वयात मधुमेह झालेल्या कित्येकांत इन्सुलिनच कमी तयार होतं. म्हणून अंगानं सडपातळ, वजन उतरतंय आणि गोळ्यांना साखर दाद देत नाही, असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या तपासण्यांबद्दल जरूर विचारावं. पहिलीतून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते कळतं. दुसरीतून शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावरच उलटली आहे का, त्याचा माग लागतो.

निदान पक्कं झालं, की हिशेब सुरू होतो. सर्वसाधारणपणे एक इन्सुलिन दिवसभर मंद काम करणारं आणि दुसरं जेवणापुरतं झटपट. यातलं पहिलं आपल्या मनानं कधीही बंद करायचं नाही, अन्न जात नसलं तरीही. 'इन्सुलिनची सवय लागते, त्यापेक्षा कारल्याचा रस घे' असं सांगणारे शेजारी सगळीकडे असतात. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवलं, तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकतं.

भारतात आणखी एक फसगत होते, तीही साध्या सिरिंजमुळे. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, तर पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. अदलाबदल झाली, तर मात्रा अडीच पट वाढते किंवा तेवढीच घटते. औषधाच्या दुकानात बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग ताट. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. जेवणाच्या इन्सुलिनची मात्रा अशाच आकड्यांवर बेतलेली असते. भाकरी बदनाम नाही. खरी लबाडी चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची! चुरमुरे हाताला हलके लागतात, पण साखर झपाट्यानं चढवतात.

आता टेकडीचं. चालणं, पळणं, सायकल चालवणं यानं स्नायू साखर ओढून घेतात आणि ती उतरते. वजनं उचलली किंवा जीव तोडून छोटी धाव घेतली, तर ती उलट काही काळ चढते. व्यायामाआधी १२६ ते १८०च्या दरम्यान साखर असणं बऱ्यापैकी सुरक्षित मानलं जातं. २५०च्या वर असेल आणि कीटोनही सापडले, तर त्या दिवशी बूट काढून ठेवावेत. न्याहारीचं इन्सुलिन टोचण्याआधी, रिकाम्या पोटी चढणाऱ्याची साखर सहसा कमी घसरते. खाऊन तास-दोन तासांत निघायचं असेल, तर डॉक्टर त्या जेवणाची मात्रा पाव ते निम्म्यानं घटवायला सांगू शकतात. पळण्याआधी मांडीत टोचू नये. चालत्या स्नायूजवळचं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं. आणि संध्याकाळच्या मेहनतीचा फटका कधी कधी मध्यरात्री, झोपेत बसतो. नव्या रुग्णांना हे फार उशिरा सांगितलं जातं.

ठरवून केलेला व्यायाम तरी हिशेबात बसतो. पण हुबळी स्थानकाचा फलाट १५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब. गाडी सुटायच्या बेतात असताना बॅग घेऊन तो पळत पार करणं हाही व्यायामच, आणि त्याची वेळ कुणी ठरवलेली नसते. म्हणून खिशात साखर हवी. साखर ७०च्या खाली गेली, की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. इथे धारवाडी पेढा कामाचा नाही, कितीही मोह झाला तरी. दुधातल्या स्निग्धांशामुळे त्याची साखर रक्तात सावकाश उतरते.

विद्यानगरकरांना दूर जायला नको. १९५७ साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या तोंडी अजूनही 'किम्स', त्यांच्या दारातच आहे. पण साखर घसरते ती टेकडीवर, तिथे डॉक्टर नसतो, सोबती असतो. म्हणून रोज बरोबर येणाऱ्या एकाला तरी आजच सांगून ठेवा: दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, तर आधी साखर द्या आणि मग विचारपूस करा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन लावा.