धावणारी भट्टी आणि ओला सदरा

२२ मे २०२१ रोजी सकाळी ९ वाजता चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची एक डोंगरी शर्यत सुरू झाली. पीत नदीच्या काठचा हा प्रदेश रुक्ष आहे. दगडी सुळके, ओसाड डोंगर आणि क्वचित कुठे मेंढ्यांचे कळप. शर्यतीत १७२ धावपटू होते. मे महिना असल्याने बहुतेकांच्या अंगात आखूड विजार आणि पातळ सदरा एवढेच कपडे होते. वाराविरोधी जॅकेट बरोबर ठेवावे अशी शिफारस होती, पण सक्ती नव्हती. काहींनी आपले गरम कपडे पिशवीत भरून पुढच्या ठाण्यावर आधीच पाठवून दिले होते. पाठीवर ओझे कशाला, हा त्यांचा विचार.

दुपारच्या सुमारास धावपटू सर्वांत अवघड चढणीवर असताना आभाळ भरून आले. गारा, थंडगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदमच सुरू झाला. संकटकाळी अंगाभोवती गुंडाळण्यासाठी दिलेली चंदेरी पातळ चादर वाऱ्याने फाडून नेली. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेले, शेकोटी पेटवली आणि त्यांचे प्राण वाचवले. पण एकवीस धावपटू त्या डोंगरावर गारठून मरण पावले. लिआंग जिंग हा चीनमधील नामांकित लांब पल्ल्याचा धावपटू त्यांच्यात होता.

ही काही हौशी, नवशिकी मंडळी नव्हती. शंभर किलोमीटर धावण्याची तयारी असलेली ही माणसे अशी गारठली कशी? चौकशीत आयोजनातल्या अनेक चुका पुढे आल्या आणि त्यांची चर्चा झालीही. आपण मात्र येथे प्रश्नाची भौतिकशास्त्रीय बाजू पाहू, कारण धावपटूच्या कपड्यांचे सारे शास्त्र तिच्यात सामावले आहे.

शरीराचा जमाखर्च

थोडे गणित करू. सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे आणि दर किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाचा मनुष्य ताशी १० किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला ६०० किलोकॅलरी. यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ४५० किलोकॅलरींची उष्णता होते. हा आकडा वॅटमध्ये मांडला तर ५०० च्या थोडा वर जातो. धावणारा माणूस म्हणजे चालती-बोलती ५०० वॅटची शेगडीच!

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? ६० किलोच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. तेव्हा दर सात मिनिटांना एक अंश ताप चढेल आणि अर्ध्या तासात माणूस कोसळेल. तसे होत नाही, कारण त्वचेवरून वारा उष्णता नेतो आणि घाम वाळताना ती खेचून घेतो. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण.

म्हणूनच धावायला निघताना भरपूर कपडे चढवणे चूक ठरते. अनुभवी धावपटू सांगतात की, थर्मामीटर दाखवतो त्याहून हवा सात-आठ अंशांनी अधिक उबदार आहे असे धरून कपडे घालावेत. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही, तर दुसऱ्या किलोमीटरला तुम्ही घामाने निथळत असाल.

पण हा सल्ला अर्धाच आहे, आणि गान्सूच्या डोंगरावर उरलेल्या अर्ध्या भागाने घात केला. भट्टी पेटलेली असेपर्यंतच तो लागू पडतो. धावपटू थकला, पाय मुरगळला किंवा निसरड्या चढावर चाल मंदावली, की उष्णतेची निर्मिती ४५० वरून २०० किलोकॅलरींच्या आसपास येते. बसून राहिला तर शंभराच्याही खाली. खर्च मात्र कमी होत नाही. भिजलेल्या अंगावर वारा असेल तर तो वाढतोच. समजा, जमेपेक्षा खर्च तासाला १५० किलोकॅलरींनी जास्त झाला. मघाच्याच हिशोबाने तासाभरात शरीराचे तापमान ३ अंशांनी उतरेल. ३७ वरून ३४! ३५ अंशांच्या खाली गेलेल्या अवस्थेला वैद्यकात अल्पतापावस्था म्हणतात. हुडहुडी भरते, बोटे वळत नाहीत, जीभ अडखळते आणि पुढे विचारही नीट सुचत नाही. पाठीवरच्या पिशवीत जॅकेट असले तरी गारठलेल्या बोटांना तिची साखळी उघडता येत नाही. जॅकेट वेळेवर, म्हणजे थंडी वाजू लागण्यापूर्वीच चढवायचे, ते यासाठी.

ओला कपडा काय करतो?

कपडा स्वतः ऊब देत नाही, हे तुम्ही शिकला आहातच. कपड्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कपडा भिजला की हवेच्या जागी पाणी शिरते. पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. वर ते वाळताना उष्णता मागते ती वेगळीच. सदऱ्यात २०० ग्रॅम पाणी मुरले आणि ते सगळे अंगाच्या उष्णतेवर वाळले, तर ११६ किलोकॅलरी गेल्या. शरीराचे तापमान दोन अंशांनी उतरवायला त्या पुरेत.

येथे धाग्याची जात महत्त्वाची ठरते. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतले सुमारे ८ ग्रॅम पाणी आपल्या तंतूंत शोषून ठेवतो, लोकर सुमारे १५ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा धागा आपल्याकडे टेरिलीन या नावाने आला. आजी-आजोबांना विचारा, टेरिलीनचा शर्ट धुऊन टाकला की कसा झटपट वाळे, ते सांगतील. (उन्हाळ्यात तो किती चिकटे, हेही सांगतील!) त्या कापडाची वीण घट्ट आणि गुळगुळीत होती. आजच्या खेळाच्या बनियनमध्ये तोच धागा बारीक आणि सैलसर विणीत वापरतात. त्याच्या तंतूंमधल्या अरुंद फटी केशाकर्षणाने घाम ओढून घेतात आणि कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरवतात. तेथे तो लवकर वाळतो. पॉलिएस्टर भिजत नाही असे जाहिरातीत सुचवले जाते, ते खरे नाही. मुसळधार पावसात तोही ओलाचिंब होतो. फरक इतकाच की पाणी तंतूंच्या आत न मुरता बाहेर राहते, त्यामुळे ते निथळते आणि सुटते.

सुती बनियन मात्र पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. उन्हाळ्यात हा दोष नव्हे. मे महिन्यात नागपूरला सुती कपड्याइतके सुखाचे दुसरे काही नाही. थंड वाऱ्यात तोच गुण अंगाशी येतो.

लोकरीची तऱ्हा निराळी. तिचे तंतू कुरळे असल्याने भिजल्यावरही ते दबून सपाट होत नाहीत आणि थोडी हवा अडकून राहते. शिवाय लोकर बाष्प शोषते तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते. आपल्याकडचे धनगर पावसापाण्यात मेंढ्यांमागे हिंडताना डोक्यावरून घोंगडी घेतात, ते उगाच नव्हे. घोंगडी नेसून कोणी धावणार नाही, पण पातळ लोकरीचा बनियन थंड प्रदेशातले अनेक धावपटू आजही पसंत करतात.

वाऱ्याचे गणित

अंगालगतच्या हवेचा पातळ थर आपण स्वतःच तापवलेला असतो. वारा तो उडवून लावतो. किती वाऱ्याने किती थंडी वाढते, हे पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या अमेरिकनांनी १९४१ मध्ये अंटार्क्टिकावर मोजले. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहायचे, एवढाच तो प्रयोग! त्यातून पुढे सुधारत गेलेले सूत्र २००१ पासून अमेरिका आणि कॅनडात वापरात आहे. त्यानुसार हवा ५ अंशांची आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती उणे १ अंशाइतकी थंड लागते. लक्षात ठेवा, हे कोरड्या त्वचेचे झाले. ओल्या त्वचेची अवस्था याहून वाईट.

धावणारा तर स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. समोरून २० चा वारा आणि आपला वेग १०, म्हणजे अंगावर येतो ३० चा वारा. पाठीमागून तोच वारा असेल तर जाणवतो १० चा. म्हणून जाऊन परत यायचे असेल तेव्हा जाताना वाऱ्याला सामोरे जावे आणि येताना पाठ द्यावी. परतीच्या वेळी आपण घामेजलेले आणि दमलेले असतो, तेव्हा वारा पाठीशी असलेला बरा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही, आणि महागड्या कपड्यांपेक्षा ही युक्ती मला अधिक मोलाची वाटते.

वसंत ऋतू इतका लहरी का?

समशीतोष्ण प्रदेशात वसंतात सूर्य वर चढलेला असतो, जमीन तापू लागते, पण ध्रुवाकडची हवा आणि समुद्राचे पाणी अजून हिवाळ्यातच असतात. ऊबदार आणि थंड हवेच्या सीमा प्रदेशावरून पुढेमागे सरकत राहतात. सीमा ओलांडली गेली की तासाभरात पारा दहा अंशांनी पडू शकतो. त्यात डोंगर असेल तर दर १००० मीटर उंचीला आणखी साडेसहा अंश वजा करा. आपल्याकडे चैत्र-वैशाखातला वळीव आणि गारपीट हा याच्याच नात्यातला प्रकार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने रब्बी पिकांची आणि द्राक्षबागांची जी दैना केली, ती अनेकांच्या स्मरणात असेल.

या लहरीपणाचा नमुना पाहायचा तर अमेरिकेतील बॉस्टनची मॅरेथॉन पाहावी. १८९७ पासून चालत आलेली ही शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी होते. रस्ता तोच, महिना तोच. २०१२ साली तेथे पारा ३० अंशांच्या आसपास होता. उन्हाच्या भीतीने आयोजकांनी नोंदणी केलेल्यांना पुढल्या वर्षी धावण्याची मुभा दिली. १६ एप्रिल २०१८ रोजी त्याच रस्त्यावर ५ अंशांच्या आसपास तापमान, कोसळता पाऊस आणि समोरून झोंबणारा वारा होता. अव्वल धावपटूंपैकी अनेकांनी शर्यत अर्ध्यावर सोडली. जॅकेट न काढताच धावणारेही बरेच होते. एरवी अशा शर्यतीत शंभर ग्रॅमचे ओझेही जड वाटते! पुरुषांत पहिला आला जपानचा युकी कावाउची. तो त्या वेळी एका शाळेच्या कचेरीत नोकरी करत होता. त्याची वेळ होती २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद. स्त्रियांत अमेरिकेची डेझिरे लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली.

मग घालायचे काय? आत अंगालगत घाम ओढणारा पातळ बनियन. त्यावर, थंडी असेल तर, गळ्याशी साखळी असलेला पूर्ण बाह्यांचा सदरा. साखळी वर-खाली केली की खिडकी उघडल्यासारखी उष्णता जाते. आणि बाहेरून मुठीएवढी घडी होणारे विंडचीटर, जे कमरेला बांधता येते. हातमोजे आणि कानटोपी विसरू नका: वजन नगण्य, आणि थंडीत शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आधी कमी करत असल्याने फायदा मोठा. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून धावू नये. पाऊस बाहेर राहतो, पण घामही आतच कोंडतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. त्यातून बाष्प जाते, पण पाण्याचा थेंब शिरत नाही. मात्र जोरात धावणाऱ्याचा सगळा घाम बाहेर टाकणे त्यालाही झेपत नाही, आणि किंमतही भारी. आपल्यासारख्यांना साधे विंडचीटर पुरते.

शाळेत एक प्रयोग जरूर करा. एकसारख्या चार बाटल्या घ्या आणि त्यांत समान तापमानाचे कोमट पाणी भरा. पहिली उघडी ठेवा, दुसरीभोवती कोरडे सुती फडके गुंडाळा, तिसरीभोवती ओले फडके. चौथीला ओले फडके गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. चारही पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. तिसरी बाटली उघड्या बाटलीच्याही पुढे जाऊन गार होते. चौथीचा आलेख कोठे पडतो, हे मात्र आधी अंदाजाने वहीत लिहून ठेवा आणि मगच पंखा लावा.