गावातलीच बाई

महाराष्ट्रातल्या लोकसेवेच्या कामाचा आढावा घ्यायचा म्हटलं की हिंगण्यापासून सुरुवात करायची आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल, ‘रयत’ची वसतिगृहं, आनंदवन, हेमलकसा असं करत आजपर्यंत यायचं, ही रीत आहे. या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे आणि या अंकाच्या वाचकाला ते पाठ आहे. माझा जीव अडकला आहे तो जामखेडात.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दुष्काळी तालुक्यात आले तेव्हा हजारातली पावणेदोनशेच्या घरात मुलं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळ्यांनीही आधी शिकलेल्या नर्सबायाच खेड्यांत पाठवल्या. त्या परक्या मुली गावात रुळेनात आणि गावच्या बायका त्यांच्याशी मोकळेपणी बोलेनात. तेव्हा गावातूनच सूचना आली, आमच्यातलीच एखादी बाई शिकवा की! मग आल्या त्या बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, शिकायचं, गावात जाऊन ते करायचं आणि पुढच्या आठवड्यात अडलेलं विचारायचं. रात्री सगळ्या जातींच्या बायकांना मिळून एकच भलंमोठं पांघरूण असे. शिवाशिव पाळणाऱ्या गावांतून आलेल्या बायका एका पांघरुणात झोपल्या, आणि त्याच पुढे एकमेकींच्या वस्तीत बाळंतपणाला जाऊ लागल्या. आरोग्याच्या अहवालांत ही गोष्ट फारशी येत नाही. माझ्या मते जामखेडचं खरं औषध तेच होतं.

निरक्षर बाईच्या हाती औषध देणं म्हणजे गरिबाच्या माथी दुय्यम उपचार मारणं, असं आमच्या काळातले मोठे डॉक्टर म्हणत. आजही म्हणतात. त्यांनी गडचिरोली पाहावी. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली. बाळाच्या छातीकडे बघत दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. पुढे आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळाला जंतुदोषावरचं इंजेक्शनही देऊ लागल्या. या कामाच्या तिसऱ्या वर्षी, ते चाललेल्या ३९ गावांतले नवजात मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. यापुढे वाद कशाचा घालायचा?

शिक्षणातही तेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांना शाळेत ओढून आणलं नाही. मुलं गुरांमागे, तर शाळाही गुरांमागे गेली. त्या कुरणशाळेसाठी माझ्या लेखी दहा इमारती ओवाळून टाकाव्यात.

आता मात्र इमारतींचेच दिवस आहेत. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा येतो, कोनशिला बसते, फोटो निघतात, तीन वर्षांनी प्रकल्प संपतो. आदिवासी तालुक्यांत मी देणगीची यंत्रं खोक्यातच पडलेली पाहिली आहेत, कारण चालवणारं माणूस कुणी दिलंच नव्हतं. आणि २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, बंगांची घरोघरी बाळांना तपासण्याची पद्धत २०११ मध्ये त्यांच्याकडे सोपवली गेली, याचा आनंद मानावा तर त्या बाईचा निम्मा दिवस रजिस्टर आणि मोबाइल भरण्यात जातो. तिला आजही ‘स्वयंसेविका’ म्हणतात, कामाच्या नगावर पैसे मोजतात आणि तेही वेळेवर मिळावेत म्हणून तिला आझाद मैदानात येऊन बसावं लागतं. दर आठवड्याला तिला शिकवणारं, तिची अडचण ऐकणारं कुणी नाही.

या दिवाळीत कुणा संस्थेला देणगी देणार असाल, तर चेक लिहिण्याआधी एवढंच विचारा: गावातल्या किती बायकांना तुम्ही शिकवता, आणि त्यांना महिन्याला काय देता? उत्तर समाधानकारक वाटलं, तर देणगीवर ‘प्रशिक्षण व मानधनासाठी’ असं स्पष्ट लिहा.