वंशावळ-विश्लेषण
कुटुंबाच्या अनेक पिढ्यांचा आलेख काढून आनुवंशिक विकृतीच्या संक्रमणाचा प्रकार ठरविण्याची पद्धत. आलेखात चौरसाने पुरुष, वर्तुळाने स्त्री व भरीव चिन्हाने विकृतिग्रस्त व्यक्ती दर्शवितात. हीमोफिलिया या विकृतीत जखमेतील रक्त लवकर साखळत नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या (१८१९–१९०१) वंशावळीत ती पुरुषांतच आढळते. राणीचा मुलगा लिओपोल्ड विकृतिग्रस्त होता. ॲलिस व बीॲट्रिस या निरोगी मुलींच्या संततीतून ती रशिया व स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचली. यावरून सदोष जनुक अप्रभावी व क्ष-रंगसूत्रावर असल्याचे अनुमान निघते. वाहक स्त्रीत दुसऱ्या क्ष-रंगसूत्रावरील निर्दोष जनुकामुळे विकृती सहसा प्रकट होत नाही. तिच्या प्रत्येक मुलग्यास मात्र ती होण्याची शक्यता निम्मी असते. रशियाचा युवराज अलेक्सी याच्या अवशेषांवरील डीएनए परीक्षणाने २००९ मध्ये या अनुमानास पुष्टी मिळाली.